स्पर्सचा २ नंबर : हार्पर घ्यायचा, खाली उतरायचं की पिक विकायचा?

पहाटेचा_प्रेक्षक

जून २०२५ चा एनबीए ड्राफ्ट, म्हणजे टीमनी नवे खेळाडू पाळीने निवडायची रात्र, जवळ आलाय. ती पाळी (पिक) ठरवणाऱ्या लॉटरीत आपण सॅन अँटोनियो स्पर्सवाले आठव्या जागेवर होतो, पहिल्या चारांत येण्याची शक्यता २६.३ टक्के, आणि आलो थेट २ नंबरवर. १ नंबर मॅव्हरिक्सनी १.८ टक्क्यांत उचलला, त्यामुळे सगळ्यांना पहिला हवा असलेल्या कूपर फ्लॅगचा विषय तिथेच मिटला. १४ वा पिकही आपलाच, २०२२ मध्ये डिजॉन्टे मरेला हॉक्सकडे पाठवलं त्या सौद्यातला. दुसऱ्या फेरीत ३८ वा.

आता खरी डोकेदुखी. २ नंबरला जो तो रटगर्सच्या डिलन हार्परचं नाव घेतोय. तो गार्ड, म्हणजे बॉल आणून खेळ चालवणारा. पण फेब्रुवारीत आपण किंग्जकडून फॉक्सला आणलाय, तोही गार्डच. स्टेफन कासल नुकताच रूकी (पहिल्या मोसमाचा खेळाडू) ऑफ द इयर झालाय. व्हॅसेल लांबच्या करारावर बसलाय. चौघांनाही बॉल हातात हवा असतो, आणि व्हॅसेल सोडला तर लांबून, म्हणजे तीन गुणांच्या फेकीत (थ्री), कुणाची खात्री नाही. फॉक्स कारकिर्दीत ३३ टक्क्यांच्या आसपास, कासल रूकी मोसमात २८.५, हार्पर कॉलेजात ३३.३, तेही जवळच्या रेषेवरून.

वेम्बीभोवती (आपला उंच सेंटर व्हिक्टर वेम्बान्यामा) शूटर हवेत हे शेंबडं पोरही सांगेल. मग हार्पर घ्यायचा? की दोनतीन जागा खाली उतरून कॉन कनिपल किंवा व्ही. जे. एजकोम आणि वर एखादा पिक? की मिलवॉकीच्या स्टार यानिसच्या नावाची जी कुजबुज चाललीये तिकडे सगळं लावायचं? १४ वर कोण?

एक विनंती : "उपलब्ध असलेल्यांतला सर्वोत्तम घ्या" एवढंच लिहून जाऊ नका. मिनिटं कशी वाटणार ते मांडा.

डावखुरा

"फॉक्स आहे म्हणून गार्ड नको" हे वाक्य याआधी दोनदा बोलून झालंय, आणि दोन्ही वेळा किंग्जनी बोलून झालंय.

२०१८. किंग्जकडे २ नंबरचा पिक. लुका डॉन्चिच समोर होता. आपल्याकडे फॉक्स आहे, बॉल त्याच्या हातात, तेव्हा उंच माणूस घेऊ म्हणून मार्विन बॅग्ली घेतला. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. २०२०. १२ व्या नंबरला टायरिस हॅलिबर्टन हातात पडला, फॉक्सशेजारी दीड मोसम खेळवला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सबोनिससाठी इंडियानाला दिला. आज तो पेसर्सना घेऊन फायनल्समध्ये उभा आहे. तोच फॉक्स आता आपल्याकडे आहे, आपल्याकडेही २ नंबर आहे, आणि आपणही तेच वाक्य बोलायला निघालोय.

वॉरियर्सनी २०२० मध्ये २ नंबरला जेम्स वाइजमन घेतला तोही "आपल्याला सेंटर हवाय" म्हणून. लामेलो बॉल ३ वर गेला. २ नंबरवर गरज बघून खरेदी करणं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये किती खुर्च्या मावतात ते बघून नवरा ठरवणं.

आता हार्परबद्दल. १९.४ गुण, ४.६ रिबाउंड, ४ असिस्ट, २९ सामने. नोव्हेंबरात लास व्हेगासला लागोपाठच्या दोन रात्री नोत्र दामवर ३६ आणि अलाबामावर ३७. जानेवारीत घोटा दुखावला, त्यानंतर काही आठवडे पहिलं पाऊल मंदावलेलं स्पष्ट दिसतं. क्लिप बघायच्या तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या बघा, फेब्रुवारीच्या बघून मत बनवू नका. अनवाणी उंची ६ फूट साडेचार इंच, हातांचा पसारा ६ फूट साडेदहा इंच.

त्याचं खरं बळ वेगात नाही, वेग मोडण्यात आहे. स्क्रीनवरून (सोबत्याने अंग आडवं घालून डिफेंडरला अडवणं) उतरताना तो डिफेंडरला पाठीवर घेतो. म्हणजे स्क्रीन ओलांडली की एक पाऊल आडवं टाकून मागून येणाऱ्याच्या वाटेत थांबतो. आता मागचा माणूस त्याच्या पाठीला चिकटलेला आणि समोर एकटा सेंटर. सेंटर वर आला तर मागे लॉब (बास्केटजवळ उंच पास), मागे राहिला तर डाव्या हाताने लेअप. एकोणिसाव्या वर्षी हे जमणारे गार्ड फार कमी. आणि हे त्याने रटगर्समध्ये केलंय, जिथे शूटर नव्हते आणि पेंटमध्ये (बास्केटखालचा रंगवलेला चौकोन) कायम तीनतीन माणसं उभी असायची. लॉब पकडायला तिथे वेम्बी नव्हता.

झोन_२३

हॅलिबर्टनची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्या सौद्यानंतर २०२२-२३ मध्ये किंग्ज ४८ सामने जिंकले, पश्चिमेत तिसरे आले, १६ मोसमांचा प्लेऑफचा दुष्काळ संपला. फॉक्सला त्याच वर्षी क्लच प्लेयरचा (अटीतटीच्या क्षणी खेळणारा) पुरस्कार मिळाला. फॉक्सशेजारी दुसरा बॉल हातात ठेवणारा काढला आणि कोपऱ्यात शूटर, मध्ये पास देणारा मोठा माणूस ठेवला, तेव्हाच तो फुलला. याचा अर्थ तुम्ही लावताय त्याच्या उलटाही निघतो.

अडचण नेमकी कुठे येते ते एका पझेशनमध्ये (एका चढाईत) दाखवतो. वेम्बी टॉपला येऊन स्क्रीन लावतो, फॉक्स डावीकडे उतरतो. उजव्या कोपऱ्यात कासल उभा. त्याचा डिफेंडर कोपऱ्याकडे बघतसुद्धा नाही, दोन्ही पाय पेंटमध्ये. डिफेन्सलाही तीन सेकंदांचा नियम आहे म्हणून मधूनच एक पाय बाहेर टेकवून परत आत. आता फॉक्ससमोर दोन, वेम्बीच्या रोलवर तिसरा. फॉक्स उडी मारून कोपऱ्यात पास फेकतो, कासलच्या हातात बॉल येतो तेव्हा समोर दहा फूट मोकळी जागा. तो एक क्षण थबकतो. तिथेच पझेशन मेलं. थ्री चुकणं हा दुय्यम भाग झाला. तो थबकला तेवढ्यात पाचही जण आपापल्या जागी परतलेले असतात.

आता दुसऱ्या कोपऱ्यात हार्पर उभा करा. सांगा कुणाला सोडायचं हे डिफेन्सला ठरवावं तरी लागेल का?

वेम्बी स्वतःच थ्री मारायला बाहेर थांबतो हे आणखी एक. या मोसमात सामन्यामागे ८.८ थ्री, ३५.२ टक्के. तो बाहेर थांबला की आत कोण कापणार हे ठरलेलं हवं, नाहीतर सगळे बाहेर उभे राहून बॉल फिरवत बसतात.

माझं मत : ४ पर्यंत उतरा, कनिपल घ्या. थ्री ४०.६, फ्री थ्रो ९१.४. ड्यूकमध्ये फ्लॅगशेजारी खेळून बॉल हातात नसताना उपयोगी कसं पडायचं हे शिकून आलाय. हॉर्नेट्सकडून वरचं काहीतरी घ्या.

डावखुरा

@झोन_२३, पझेशन बरोबर मांडलंत, पण कासलला कोपऱ्यात उभं करणं ही कोचची चूक झाली. कासलची नाही. शूट न करणारा गार्ड कोपऱ्यात ठेवतच नाहीत. त्याला तीन कामं देता येतात.

एक, स्क्रीन त्यालाच लावू द्या. कासल सहा फूट सहा इंच, अंगाने भरलेला. त्याचा डिफेंडर पेंटमध्ये लोंबकळत असेल तर स्क्रीन लागल्यावर फॉक्ससमोर येणारच नाही, फॉक्सला मोकळा मिडरेंज मिळतो. वर आला तर कासलला फ्री थ्रो रेषेजवळ बॉल, पुढे आपले चार, त्यांचे तीन. दोन, बेसलाइनवर बास्केटच्या बाजूला, लॉब आणि रिबाउंडसाठी. तीन, त्याचा माणूस मान फिरवतो त्या क्षणी पंचेचाळीस अंशातून आत कट. यूकॉनमध्ये डॅन हर्लीने त्याला हेच करायला लावलं आणि २०२४ ची स्पर्धा जिंकली. या तीनही वेळी वेम्बीला कोपऱ्यात किंवा विंगवर ठेवा, समोरच्याचा सेंटर आपोआप बास्केटपासून लांब जातो.

मिनिटं विचारलीत, ती घ्या. एका हाफचा हिशेब :

पहिला क्वार्टर. फॉक्स, कासल सुरुवात. ७ मिनिटांनी फॉक्स बाहेर, हार्पर आत. ९ मिनिटांनी कासल बाहेर, व्हॅसेल गार्डच्या जागी सरकतो.
दुसरा क्वार्टर. हार्पर, व्हॅसेल सुरुवात. २ मिनिटांनी फॉक्स परत. ६ मिनिटांनी कासल परत. ८ मिनिटांनी हार्पर बाहेर.

फॉक्स १७, कासल १५, हार्पर १३. दुप्पट केले की ३४, ३०, २६. तिघे एकत्र मैदानावर हाफमध्ये २ मिनिटं, सामन्यात ४. ज्या भीतीपोटी पिक विकायला निघालोय ती चार मिनिटांची आहे. व्हॅसेलला विंगवरची धरून तीसेक मिनिटं आरामात मिळतात आणि विंगची उरलेली शॅम्पेनी-केल्डन वाटून घेतील. शेवटच्या पाच मिनिटांत तिघांतला जो त्या दिवशी बरा नसेल तो बसेल. कोच मिच जॉन्सनला हा निर्णय रोज घ्यावा लागेल, त्याचेच पैसे मिळतात त्याला.

आणि दुखापती विसरू नका. फॉक्स स्पर्ससाठी १७ सामने खेळला आणि करंगळीच्या शस्त्रक्रियेला गेला. एवढ्या गर्दीची चिंता करणाऱ्यांनी मार्चमधले सामने आठवावेत, तेव्हा बॉल आणायला चाळिशीला टेकलेला ख्रिस पॉल होता. बिचारा ८२ च्या ८२ खेळला.

कॅपवाला_काका

खेळाचं तुम्ही बघा, मी वहीचं बघतो. लोक "चार गार्ड परवडणार नाहीत" म्हणतात तेव्हा कोणत्या वर्षी हे सांगत नाहीत. तेच महत्त्वाचं.

रूकी करार चार वर्षांचा. पहिली दोन पक्की, तिसरं-चौथं टीमच्या मर्जीवर. ठरलेल्या तक्त्याच्या ८० ते १२० टक्के देता येतात, देतात सगळे १२०. २ नंबरला पहिल्या वर्षी साधारण १ कोटी २४ लाख डॉलर. तीन मोसम खेळून झाले की चौथा सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत वाढीव करार करता येतो, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट (दुसऱ्या टीमचा आकडा जुळवून जुनी टीम ठेवू शकते असा).

आता तारखा मांडू.

फॉक्स : सध्याचा करार २०२५-२६ ला संपतो. ऑगस्टपासून चार वर्षांचा करार करता येईल, कमाल सुमारे २२ कोटी ९० लाख. केला तर २०२९-३० पर्यंत.
वेम्बी : २०२६ च्या उन्हाळ्यात सही, मोठा पगार २०२७-२८ पासून.
कासल : २०२७ च्या उन्हाळ्यात सही, २०२८-२९ पासून.
हार्पर : २०२८ च्या उन्हाळ्यात सही, २०२९-३० पासून.

म्हणजे चौघांचेही मोठे पगार एकाच वेळी अंगावर येतात ते फक्त २०२९-३० या एका मोसमात. त्यातही ते फॉक्सचं शेवटचं वर्ष. वेम्बीला कॅपच्या (टीमच्या एकूण पगाराची ठरलेली मर्यादा) ३० टक्के, फॉक्स ३० च्या आसपास, कासल-हार्पर प्रत्येकी २५ धरले तर ११० टक्के झाले. दुसरा एप्रन, म्हणजे कॅपच्या वरची कडक रेषा, कॅपच्या साधारण १३४ टक्क्यांवर असतो. उरलेल्या २४ टक्क्यांत दहा-अकरा माणसं. घट्ट आहे, पण अशक्य नाही, आणि तोपर्यंत यातला एक जण इथे नसेलच. कोण नसेल ते ठरवायला तीन वर्षं आहेत. ते आज, हार्परने एकही सामना खेळायच्या आत, का ठरवायचं?

दुसरा एप्रन ओलांडला की काय होतं तेही सांगून ठेवतो, कारण लोक याला नुसता दंड समजतात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, मिड-लेव्हल (कॅपच्या वर असूनही खेळाडू घ्यायची सवलत) जाते, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो. स्वस्त रूकीची किंमत म्हणूनच वाढलीये. १ कोटी २४ लाखांत सुरुवातीला खेळू शकणारा गार्ड बाजारात मिळत नाही.

वेम्बीच्या ३० टक्क्यांबद्दल एक बारीक मुद्दा. ३० साठी ऑल-एनबीए किंवा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर लागतो, आणि दोन्हीला ६५ सामन्यांची अट. उजव्या खांद्यातल्या रक्ताच्या गुठळीमुळे तो यंदा ४६ वर थांबला, सामन्याला ३.८ ब्लॉक करूनही पुरस्कार हुकला. म्हणजे पुढच्या मोसमात त्याचे सामने मोजायचे ते दोन कारणांसाठी.

साइडलाइन_सदू

काका, यानिसचा हिशेब मांडा की. इतकी काडी टाकलीये धाग्याच्या सुरुवातीला.

कॅपवाला_काका

मांडतो, दोन मिनिटांचं काम.

यानिसचा पुढच्या मोसमाचा पगार ५ कोटी ४१ लाखांच्या घरात. आपण एप्रनच्या खाली आहोत, त्यामुळे पाठवलेल्या पगाराच्या सव्वापट परत घेता येतो. व्हॅसेल २ कोटी ७० लाख, केल्डन १ कोटी ७५ लाख, मिळून ४ कोटी ४५ लाख. सव्वापट केले की ५ कोटी ५६ लाख. बसतं. वर पिक.

इथे एक गंमत लोक विसरतात. ड्राफ्टमध्ये निवडलेला पण सही न केलेला खेळाडू सौद्यात शून्य पगाराचा धरतात. म्हणजे २ नंबर कितीही मोलाचा असला तरी पगार जुळवायला त्याचा छदाम उपयोग नाही. त्याची सही झाली की पगार मोजला जातो, पण मग ३० दिवस त्याला हलवता येत नाही. २०१४ मध्ये अँड्र्यू विगिन्सचं असंच झालं. जुलैत क्लीव्हलँडशी सही, आणि केव्हिन लव्हचा सौदा ऑगस्टच्या शेवटी. त्यामुळे ड्राफ्टच्या रात्री काही झालं नाही म्हणजे दार बंद झालं असं समजू नका.

पिकांचं म्हणाल तर फॉक्ससाठी आपण २०२७ चा स्वतःचा आणि मिनेसोटाचा २०३१ चा देऊन बसलोय. २०२७ चा हॉक्सचा आपल्याकडे आहे म्हणून स्टेपियन नियम आडवा येत नाही. तो नियम भावी दोन सलग वर्षं पहिल्या फेरीच्या पिकाशिवाय राहू देत नाही, पिक स्वतःचाच हवा असं म्हणत नाही.

पैसे जुळतात. पण व्हॅसेल, केल्डन, २ नंबर आणि उरलेले पिक देऊन झाल्यावर वेम्बी, फॉक्स, कासल, यानिस यांच्याभोवती शूट कोण करणार? बार्न्स आणि शॅम्पेनी. बस्स. @झोन_२३ यांचं पेंटमधल्या तीन माणसांचं चित्र आठवा आणि त्यात यानिस घाला.

झोन_२३

यानिसला माझाही विरोधच. तिशी ओलांडलेला माणूस एकविशीच्या वेम्बीच्या घड्याळाला जुळत नाही.

पण कनिपलवर ठाम आहे. डावखुरा, तुमच्या मिनिटांच्या तक्त्यात दुसऱ्या क्वार्टरची पहिली दोन मिनिटं हार्पर-व्हॅसेल जोडी समोरच्या कुणाला अडवणार? हार्पर बॉलवर बरा, पण बॉल दुसरीकडे असताना झोपतो. मागून कट झालेले किती बास्केट गेले रटगर्सवर. १५ विजय, १७ पराभव, ड्राफ्टच्या पहिल्या पाचांतले म्हणवले जाणारे दोन खेळाडू असताना.

डावखुरा

झोपतो, मान्य. वेम्बी मागे असताना ते खपतं, नसताना खपत नाही, म्हणून ती दोन मिनिटं वेम्बीला ठेवायची. त्याची विश्रांती पहिल्या क्वार्टरच्या शेवटी घ्या.

शूटिंगबद्दल मात्र नीट बोलू, कारण ३३.३ या आकड्यावर सगळी इमारत उभी राहिलीये. कॉलेजात हार्परने दीडशेच्या आसपास थ्री फेकले. दीडशे फेकींत निव्वळ योगायोगाने चारेक टक्के इकडेतिकडे होतात. म्हणजे ३३ वाला खरा २९ चाही असू शकतो आणि ३७ चाही. त्यातून तुम्ही २८.५ आणि ३३.३ यांची तुलना करताय. त्यापेक्षा फ्री थ्रो बघा, तिथे अंतर ठरलेलं, अंगावर कुणी नाही, हाताचा खरा अंदाज येतो. हार्पर ७५. कनिपल ९१.४, तिथे वादच नाही. एजकोम ७८. एस बेली (रटगर्समधला हार्परचा जोडीदार) ६९.

कासल कॉलेजात ७५ ला होता आणि थ्री २६.७. एनबीएत फ्री थ्रो ७२.४, थ्री २८.५. म्हणजे ७५ हा आकडा हमी देत नाही, हे मीच तुमच्या बाजूने सांगतो. फरक बघायचा तो फेकीत. कासलचा बॉल छातीवरून वर जाताना मध्ये अडखळतो, दोन हालचाली दिसतात. हार्परची एकच हालचाल आहे, अडचण पायांची. ड्रिबलवरून मारताना डावा खांदा मागे पडतो आणि फेक आखूड जाते. क्लिप थांबवून बघा, त्याचे चुकलेले बहुतेक थ्री रिमच्या पुढच्या कडेला लागतात, डावी-उजवीकडे जात नाहीत. आखूड जाणारी फेक दुरुस्त करणं सोपं, वाकडी जाणारी अवघड.

स्पर्सचा इतिहासही आहे. जेरेमी सोहानला पहिल्याच मोसमात, डिसेंबर २०२२ मध्ये, एका हाताने फ्री थ्रो मारायला लावले. डावा हात आडवा येत होता म्हणून काढूनच टाकला. त्याआधी निम्मेही जात नव्हते, मोसम संपला तेव्हा ६९.८. सगळं जग हसलं, त्याने एक हात खाली सोडून मारले. थ्री मात्र अजून ३१ च्या आत अडकलेत, हेही खरं. कारण थ्रीला एक हात पुरत नाही.

झोन_२३

सोहानचं नाव काढलंत तर २०२३-२४ ची सुरुवातही आठवा. त्याला पॉइंट गार्ड करून बघितलं. बॉल अर्ध्या मैदानापलीकडे न्यायलाच आठ सेकंद, वेम्बीला पास पोचायचा तेव्हा शॉट क्लॉक संपत आलेला. १८ सामने ओळीने हरलो. ट्रे जोन्स सुरुवातीला आला आणि वेम्बी सेंटरला सरकला तेव्हा कुठे श्वास घेता आला.

डावखुरा

हा तर माझ्या बाजूचा मुद्दा झाला! वेम्बीला वेळेवर पास देणारा गार्ड नसला की काय होतं ते १८ वेळा बघितलं. आता असे दोन-तीन मिळतायत तर नको म्हणताय.

झोन_२३

बरं, हार्परवर अर्धा पाऊल मागे येतो. पण मग १४ ला शूटर हवाच, तिथे तडजोड नाही.

बेसलाइन_बाळू

१४ वर येतो, कारण सगळे २ वरच अडकलेत.

डेरिक क्वीन घसरत १४ ला येईल असं दिसतंय आणि काही जण हुरळलेत. हात सोन्यासारखे आहेत, कोलोरॅडो स्टेटविरुद्धचा तो शेवटच्या क्षणाचा बास्केट मार्चभर फिरत होता. पण मेरीलँडमध्ये थ्री २० टक्के, पाय जड, आणि वेम्बीशेजारी खेळायचं तर चार नंबरवर (पॉवर फॉरवर्डच्या जागी) बाहेरच्या माणसाला अडवावं लागणार. वेम्बी बसल्यावर एकटा सेंटर म्हणून ठेवला तर रिम कोण राखणार? आपली अडचण नेमकी तीच आहे. फेब्रुवारीत वेम्बी दुखण्याने बाहेर गेला, बदली सेंटर कॉलिन्स आधीच सौद्यात गेला होता, आणि पेंट उघडा पडला. दुसरा बदली उंच माणूस मामु, त्याने मार्चमध्ये निक्सवर १९ मिनिटांत ३४ मारले ते मस्तच, पण त्याच्या अंगावरून लोक आत जातच होते. बदली सेंटर फ्री एजन्सीत मिळतो, त्याच्यासाठी १४ वा खर्चू नका.

माझी पसंती ॲरिझोनाचा कार्टर ब्रायंट. आकडे बघून नाक मुरडाल. सामन्याला १९ मिनिटं, साडेसहा गुण, बहुतेक वेळ बेंचवरून. पण थ्री ३७, हातांचा पसारा जवळपास सात फूट, आणि कमी मिनिटांत ब्लॉक आणि स्टील दोन्ही. तो जे करतो तेच आपल्याला हवंय : कोपऱ्यात उभा राहणं, थबकल्याशिवाय मारणं, समोरच्याच्या सगळ्यात चांगल्या विंगला अंगावर घेणं. धोकाही सांगतो. फ्री थ्रो ६९.५, त्यामुळे ३७ वर डोळे झाकून विश्वास नको, डावखुरा यांनी दिलेलं गणित इथेही लागू होतं. आणि बॉल जमिनीवर टाकला की दोन ड्रिबलच्या पुढे तो हरवतो. क्लोजआउट (फेक अडवायला धावत येणारा डिफेंडर) जोरात आलं तर आज त्याच्याकडे उत्तर नाही.

तो गेला असेल तर सेंट जोसेफ्सचा रशीर फ्लेमिंग. तीन वर्षं कॉलेजात, थ्री ३९, पसारा सात फूट पाच इंच. जास्त तयार, पण बाजूला सरकताना कंबर उंच राहते, गार्डसमोर सापडतो.

आसा न्यूवेल नको. धावतो छान, पण थ्री २९. पेंटमध्ये तीन माणसं उभी असण्याची तक्रार करून चौथं माणूस आपणच आत पाठवायचं?

साइडलाइन_सदू

ब्रायंटला +१. अवांतर : एस बेलीला सगळीकडे ६ फूट १० लिहायचे, शिकागोच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीची मोजमापं) अनवाणी ६ फूट साडेसात निघाला. अडीच इंच कुठे गेले?

बेसलाइन_बाळू

बुटांत आणि कॉलेजच्या पत्रकात.

पहाटेचा_प्रेक्षक

सगळ्यांचे आभार, मिनिटांचा तक्ता उतरवून घेतलाय. माझं मत हार्पर + ब्रायंट असं झुकलं. एकच राहिलं, सोहान. त्याचा वाढीव करार याच उन्हाळ्यात करता येतो ना? ब्रायंट आला तर त्याची मिनिटं जाणार.

कॅपवाला_काका

हो, २०२२ चा ड्राफ्ट, म्हणजे ऑक्टोबरात मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत मुदत. माझ्या मते यंदा सही करू नये. पुढच्या उन्हाळ्यात तो रिस्ट्रिक्टेड होतो, दुसऱ्या कुणी आकडा लावला तर तो जुळवायचा हक्क आपलाच. तोपर्यंत पगार ७० लाखांच्या आसपास आहे, सौद्यात जोडायला सोयीचा. थ्री ३५ ला पोचला तर जास्त पैसे द्यावे लागतील, आणि तेव्हा ते आनंदाने द्यावेत.

वेळ लिहून ठेवा. ड्राफ्ट ब्रुकलिनला २५ जूनच्या रात्री, आपल्याकडे गुरुवार २६ जून, पहाटे साडेपाच. दुसरी फेरी शुक्रवारी त्याच वेळेला. पहिल्या फेरीत प्रत्येक पिकाला पाच मिनिटं, म्हणजे २ नंबर पावणेसहाच्या आत आणि १४ वा पावणेसातच्या सुमारास. मधल्या तासाभरात आंघोळ, डबा उरकता येतो. फक्त ९ ते १२ नंबरच्या पिकांवर एक डोळा ठेवा, ब्रायंट गेला तर तिथेच जाईल.